वर्गात वर झालेला हात



आम्ही शाळा फार शिकलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा शिक्षणावर बोलण्याचा आमचा अधिकार काय? एवढाच, की शाळेतून बाहेर पडलेला मुलगा पुढे आमच्याकडे येतो.

एका कारखान्यात कामगारांच्या पगारातून दरमहा दोन रकमा कापल्या जात. कशाबद्दल, हे कोणी विचारलेच नव्हते. आम्ही कारण पुसले, तेव्हा एक तरुण म्हणाला, "भाऊ, विचारलं तर अडाणी ठरू." ही भीती मालकाची नव्हती, ती शाळेतून आणलेली होती.

यावर उपाय आपल्याच देशात करून पाहिलेला आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली विज्ञान शिकवण्याचा एक निराळा कार्यक्रम सुरू झाला. मुले लहान लहान टोळ्यांनी स्वतः प्रयोग करीत आणि मग सारा वर्ग मिळून त्यावर चर्चा करी. पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे नसत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला मुले पत्राने वाटेल ते विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. सरकारने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. पण त्यातला धडा बंद होत नाही.

समजा, गुरुजींनी विचारले, "बी रुजायला ऊन लागते काय?" शेत पाहिलेला मुलगा म्हणेल, "लागते." दुसरी मुलगी म्हणेल, "मग आई मटकी फडक्यात बांधते, तिला अंधारात मोड कसे येतात?" येथे गुरुजींनी गप्प बसावे. वाद मुलांनीच दोन वाट्यांत मटकी भिजवून सोडवावा.

चर्चा म्हणजे गलका नव्हे. आमच्या सभेत जो कधी बोलत नाही त्याला आधी बोलू देतात. पुढारी शेवटी बोलतो. वर्गातही हाच नियम असावा. आणि "मला ठाऊक नाही, आपण शोधू," असे म्हणताना गुरुजींना कमीपणा वाटू नये.

त्या तरुणाने पुढे धीर करून विचारले. एक रक्कम भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे रीतसर निघाली. दुसरीचे कारण कोणालाच सांगता आले नाही. ती कपात थांबली. प्रश्नाने गैरसमजही गेला आणि अन्यायही गेला.

मात्र हात वर करायला त्याला तिसावे वर्ष उजाडले. आपल्या मुलांना ते तिसरीतच यावे, एवढेच आमचे मागणे आहे.