सांगणारीचं नाव



मागच्या वर्षी आमच्या गटाच्या मासिक बैठकीत कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. आजवर आमच्याकडे अर्ज आले ते शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, बियाण्यासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. हा अर्ज होता लेकीला आयर्लंडला पाठवण्यासाठी. रक्कम ४० हजार रुपये.

गटातल्या एका ताईंची मुलगी बी.एड. करते. तिच्या कॉलेजच्या काही मुली तिथल्या एका विद्यापीठात तीन आठवडे शिकायला जाणार होत्या. विषय दोन: शिक्षण आणि आयर्लंडचं साहित्य. बराचसा खर्च शिष्यवृत्तीतून होणार होता. उरलेला घरच्यांनी करायचा होता.

आम्ही तासभर वाद घातला. एक जण म्हणाली, "शेळी घेतली तर करडं होतात. त्या देशाच्या गोष्टी-कविता वाचून काय होणार?" मुलीच्या आईला उत्तर देता येईना. ती एवढंच म्हणाली, "मला नाही कळत. पण तिला जायचंय." शेवटी अध्यक्ष मावशींनी विचारलं, "हप्ता कशातून फेडणार, तेवढं सांग." ती म्हणाली, "दुधाच्या पैशातून." कर्ज मंजूर झालं. दोघींचा विरोध होता, तोही आम्ही इतिवृत्तात लिहिला.

मुलगी जाऊन आली. आम्ही तिला बैठकीला बोलावलं आणि म्हटलं, आमचे पैसे कुठे गेले ते सांग. तिने जे सांगितलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचं बेट. अख्खं बेट आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडं मोठं. तिथे शेकडो वर्षं इंग्रजांची सत्ता होती. लोक बहुतेक कॅथलिक, आणि त्यांची स्वतःची आयरिश भाषा. १६९५ साली राज्यकर्त्यांनी कायदा केला, की कॅथलिकांनी शाळा चालवायची नाही. मग लोकांनी काय केलं? शेताच्या कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, झोपडीत पोरं बसवली. मास्तरला आईबाप जमेल तसे पैसे देत, नाहीतर लोणी देत, चुलीत जाळायचं पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती देत. या शाळांना तिथे कुंपणाच्या शाळा असंच नाव पडलं. आपण बांधावरच्या शाळा म्हणू.

पुढे १८३१ साली सरकारने गावोगावी शाळा काढायला घेतल्या. पण शिकवायची भाषा इंग्रजी. पुष्कळ ठिकाणी पोराच्या गळ्यात एक काठी अडकवायचे. पोर आयरिश बोललं की काठीवर एक खाच पाडायची. संध्याकाळी जितक्या खाचा, तितकी शिक्षा.

हे ऐकून आमच्यातली एक जण म्हणाली, "मेला मास्तर!" तेव्हा मुलगी म्हणाली, "मावशी, एकटा मास्तर नव्हता. काही घरांत आईबापच खाचा पाडायचे."

आम्ही गप्प झालो. असं आईबाप का करतील? पोटासाठी. १८४५ साली तिथे बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं सगळं जेवण बटाट्यावरच. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि साथीने मेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. अमेरिकेत काम मिळवायचं तर इंग्रजी हवं. आपली बोली बोललं तर पोर उपाशी राहील, ही भीती आईच्या मनात बसली. मैत्रिणींनो, ही भीती आपल्यालाही ठाऊक आहे. आपणही पोराला इंग्रजी शाळेत घालतो ते हौसेने नाही.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण आमचे ४० हजार इथे वसूल झाले असं आम्हाला वाटतं.

देश स्वतंत्र झाल्यावर, १९३७ साली तिथल्या सरकारने शाळकरी पोरांना एक गृहपाठ दिला. निबंध बाजूला ठेवा. घरी जा, आजी-आजोबांजवळ बसा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि तो सांगेल ते वहीत उतरवून आणा. दुष्काळात काय झालं होतं? लोणी कसं काढता? पाऊस येणार हे कशावरून ओळखता? कोणत्या दुखण्यावर कोणता पाला? लहानपणी काय खेळायचात? सुमारे ५ हजार शाळांतली ५० हजारांहून जास्त मुलं दोनेक वर्षं हे काम करत होती. साधारण ११ ते १४ वर्षांची पोरं. त्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जपून ठेवल्या आहेत, आणि आता इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. पुष्कळ पानांवर खाली लिहिलं आहे, हे कुणी सांगितलं, तिचं वय काय, गाव कुठलं.

म्हणजे ज्या आजीची भाषा बोललं म्हणून काठीवर खाच पडायची, तीच आजी पोरांची मास्तर झाली.

पेग सेयर्स नावाची एक बाई तिथे होऊन गेली. जन्म १८७३. लग्न होऊन समुद्रातल्या ब्लास्केट बेटावर नांदायला गेली. हालअपेष्टांचा संसार. काही लेकरं डोळ्यांदेखत गेली, बाकीची पोटासाठी अमेरिकेला. स्वतःची भाषा तिला लिहिता येत नव्हती. पण तिच्याकडे शेकडो गोष्टी होत्या. तिने आपलं आयुष्य तोंडी सांगितलं आणि मुलाने लिहून घेतलं. १९३६ साली त्याचं पुस्तक झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं ते शाळेत लावलं होतं. पोरं कंटाळायचीसुद्धा, कारण दुःखच फार! हे ऐकून आम्हाला आपल्या बहिणाबाई आठवल्या. त्यांनाही लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणीही लेकाने, सोपानदेवांनी जपली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं.

कुणी म्हणेल, आयर्लंडचा आणि आपला काय संबंध? तर तिथल्या मार्गारेट कझिन्स या बाई १९१५ साली भारतात आल्या. मुलींचं शिक्षण कसं असावं हे बायकांनीच ठरवावं, म्हणून त्यांनी देशभरातल्या बायकांना हाक दिली. १९२७ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात मोठी परिषद भरली. अखिल भारतीय महिला परिषद तिथेच सुरू झाली.

आता खरी गोष्ट. परत आल्यावर त्या मुलीला एक निबंध द्यायचा होता: तुमच्या घरातलं एक तोंडी ज्ञान लिहून आणा. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "मला अडाणीला काय विचारतेस?" याच आईने तिला पाचवीपासून बजावलं होतं, "माझ्यासारखं बोलू नकोस, शाळेत हसतील." आणि मुलीने एकदा आईला सांगितलं होतं, "पालकसभेला तू नको येऊस." ही गोष्ट बैठकीत मुलीनेच सांगितली, मान खाली घालून.

मग आई पावसावर बोलायला लागली. कावळ्याने आंब्यावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीवर केलं तर कमी. मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या तर काय, चंद्राला खळं पडलं तर काय. मुलगी लिहीत राहिली. चार पानं झाली. शेवटी तिने खाली सांगणारीचं नाव, वय आणि गाव लिहिलं. आईने सही गटात शिकली आहे. तिने ते पान हातात घेतलं आणि आपलं नाव दोनदा वाचलं.

विरोध करणारी आमची मैत्रीण अजून म्हणते, "शेळीच बरी होती." पण परवा तिने नातीकडून जात्याला टाकी कशी लावायची ते लिहून घेतलं, आणि खाली नाव लिहायला विसरू नकोस, असंही सांगितलं.

कर्जाचं म्हणाल तर दोन हप्ते उशिरा आले, आता वेळेवर येतात.

तुमच्या लेकीला अशी संधी आली तर चार गोष्टी आधी विचारा. फीमध्ये राहणं-जेवण धरलंय का? विमा कोण काढणार? हे शिक्षण आपलं विद्यापीठ निकालात धरणार का? आणि हे सगळं लेखी मिळेल का? पासपोर्ट आधीच काढून ठेवा. आयर्लंडचा व्हिसा वेगळा असतो, युरोपातल्या बाकीच्या देशांच्या एकत्र व्हिसावर तिथे जाता येत नाही. पावतीशिवाय कुणाच्याही हातात रोख पैसे देऊ नका.

आणि लेक कुठे जाणार नसेल, तरी एक दोनशे पानी वही आणा. आयर्लंडमध्ये वह्या उरल्या, पण रोजच्या बोलण्यात ती भाषा वापरणारे आज थोडेच आहेत. म्हणून नुसतं लिहून भागणार नाही, पोरांशी आपल्या बोलीत बोलतही राहा. इंग्रजी शिकू द्या, पण गळ्यात काठी अडकवू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक पान आणायचं, असं आम्ही ठरवलं आहे. तुम्हीही ठरवा. आणि पानाखाली सांगणारीचं नाव लिहा.