फार बोलणाऱ्या बायका



एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात मी देखरेखीला होते. दोघीजणी शेजारी बसून सारख्या बोलत, म्हणून मी त्यांना दोन टोकांना बसविले. महिन्याभरात एकीने काम सोडले. मागाहून कळले, तिचे मूल आजारी होते व शेजारणीपाशीच काय ते ती मन मोकळे करी.

पुढे हॉथॉर्नविषयी वाचले. अमेरिकेत शिकागोजवळच्या या कारखान्यात १९२७ साली टेलिफोनचे रिले जुळविणाऱ्या पाचजणींना निराळ्या खोलीत बसविले. मधली सुट्टी दिली, तास कमी केले, काम वाढले. मग सवलती काढून घेतल्या, तरी आठवड्याचा माल उतरला नाही! आपुलकीने विचारपूस झाली म्हणून, असे पंडित म्हणाले. असेल, पण त्यांच्या मजुरीचा हिशेबही त्या पाचजणींपुरता वेगळा केला होता. नुसत्या गोड शब्दांनी चूल पेटत नाही.

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांतल्या दोघींना १९२८ साली बदलले. त्या फार बोलत, हीच तक्रार. तिथे मी पुस्तक मिटले. ‘बाई, काय झाले?’ एवढे मीही विचारले नव्हते.