अभियांत्रिकीचे शिक्षण आणि संशोधनाची पहिली पायरी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थी-पालक मेळाव्यात झालेले भाषण)



पेढीवर आणि दुकानात वाढलेली आपल्या समाजातील मुले-मुली आज मोठ्या संख्येने अभियांत्रिकीकडे वळली आहेत. प्रवेशाची यादी लागली की घरोघरी पेढे वाटले जातात आणि पुढची चार वर्षे पालकांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो : प्लेसमेंटमध्ये पॅकेज किती मिळेल? हा प्रश्न गैर नाही. पैसा गुंतवणाऱ्याने परताव्याचा विचार करावा, हे व्यवहाराला धरूनच आहे. परंतु या चार वर्षांत आणखी एक दार उघडे असते, आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पदवी हाती येण्यापूर्वी, विद्यार्थिदशेतच, संशोधनाच्या कामात प्रत्यक्ष हात घालण्याची ही संधी होय.

संशोधन म्हणजे पीएच.डी. झालेल्यांचे काम, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः ती खरी नाही. १९०६ साली लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या नियतकालिकात प्रकाशाच्या विवर्तनावरील एक निबंध छापून आला. त्याचा लेखक मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. पुढच्याच वर्षी ते सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले आणि कचेरीच्या वेळेआधी व नंतर कोलकात्याच्या प्रयोगशाळेत काम करीत राहिले. हिशेब आणि विज्ञान यांचे वैर नाही, हे व्यापारी घरांना यापेक्षा चांगल्या रीतीने कोण सांगणार?

पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत घेण्याची रीतसर योजना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी सुरू केली. १९८७ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननेही अशी योजना चालविली. मात्र तिचा लाभ मुख्यतः अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळतो. परदेशी जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या घरांनी ही अट आधी वाचावी, म्हणजे व्यर्थ धावपळ होणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या सीओईपीमध्ये, २००८ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी स्वतः उपग्रह बनविण्याचे काम हाती घेतले. ‘स्वयम्’ असे त्याचे नाव. वजन अवघे सुमारे एक किलो. अंतराळात उपग्रहाची दिशा स्थिर ठेवणे हा मोठा पेच असतो. त्यासाठी सहसा वीज खाणारी यंत्रणा लागते. या मुलांनी होकायंत्राच्या सुईचे तत्त्व वापरले. उपग्रहात चुंबक बसविले की तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळवून घेतो आणि वीज खर्च होत नाही. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून एकाच उड्डाणात वीस उपग्रह नेले, त्यांत ‘स्वयम्’ होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ही अवकाशात गेला.

यातील हिशेब जरा पाहावा. काम सुरू झाले २००८ मध्ये, उड्डाण झाले २०१६ मध्ये. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. एका तुकडीने मागच्या तुकडीला शिकवावे, वही हाती सोपवावी आणि निघून जावे, अशा रीतीने ते काम तडीस गेले. आपल्या नावाची पाटी लागेलच, या अपेक्षेने त्यातील कित्येकांनी काम केले नसणार.

आता प्रश्न असा की, ज्याचा मुलगा वा मुलगी सांगली, बारामती, जळगाव अशा ठिकाणच्या महाविद्यालयात शिकत आहे, त्याने काय करावे? पहिले दार आपल्याच महाविद्यालयात असते. पीएच.डी.चे मार्गदर्शन करणारे किंवा एखादा अनुदानित प्रकल्प हाती असलेले प्राध्यापक प्रत्येक विभागात शोधल्यास सापडतात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यांना भेटून, ‘सर, आठवड्यातून दोन दुपारी येऊन काम करीन’ असे म्हटले, तर नकार क्वचितच मिळतो. सुरुवातीचे काम कंटाळवाणे असते, हेही सांगितले पाहिजे. उपकरणांचे मापन तपासणे, आकड्यांचे तक्ते भरणे, जुने निबंध वाचून टिपणे काढणे. कापडाच्या दुकानात नव्या मुलाला पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवीत नाहीत. आधी ठाण उलगडायचे, पन्हा मोजायचा, घडी घालायची, आणि असे करता करता एक दिवस त्याच्या बोटांना कापड कळू लागते. प्रयोगशाळेचेही तसेच आहे.

असे केलेले काम मांडण्यासाठी महाराष्ट्रात ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा २००६ पासून आहे. तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट स्वतंत्र असतो आणि अभियांत्रिकी व तंत्रज्ञान हा विभागही निराळा असतो. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर तिचे पत्रक लागते. ते वाचणारे थोडे.

दुसरे दार उन्हाळ्याच्या सुट्टीचे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी दिल्ली व प्रयागराज येथील अकादमींच्या साहाय्याने देशभरातील विद्यार्थ्यांना सुमारे दोन महिने नामांकित शास्त्रज्ञांकडे पाठविते. विद्यावेतन मिळते, रेल्वेभाडेही मिळते. अर्जासोबत काय शिकायचे आहे याचे टिपण आणि एका शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. मद्रास, कानपूर व गांधीनगर येथील आयआयटींनी बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी योजना चालविल्या आहेत. मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ प्रकल्पात मुक्त संगणक-प्रणालींवर काम करण्याची फेलोशिप दिली जाते. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिचे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांवाचून चालत नाही. वस्त्र-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माटुंग्याची १९२४ पासूनची कापूस संशोधन संस्था, घाटकोपरची ‘बिट्रा’ व अहमदाबादची ‘अटिरा’ ही नावे माहीत असावीत. ‘अटिरा’च्या स्थापनेत विक्रम साराभाईंचा पुढाकार होता, हे आज अनेकांना ठाऊक नसते. इचलकरंजीच्या मागावर सूत का तुटते, हासुद्धा संशोधनाचाच विषय आहे.

परदेशासाठी जर्मनीची डाड ही संस्था ‘वाइज’ नावाने आणि कॅनडाची मायटॅक्स ‘ग्लोबलिंक’ नावाने भारतीय पदवी-विद्यार्थ्यांना घेत आली आहे. पात्रतेच्या अटी व तारखा दरवर्षी बदलतात. त्या मूळ संस्थेकडूनच पाहाव्यात, कुणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

तिसरे दार म्हणजे प्राध्यापकांना थेट पत्र. येथे बहुसंख्य विद्यार्थी घसरतात. एकच मजकूर दोनशे जणांना धाडतात, वर ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ असे लिहून मोकळे होतात, म्हणजे पत्र कोणाला लिहिले आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते. असे पत्र न वाचताच बाजूला पडते, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी दहाच नावे निवडावीत. प्रत्येकाचे अलीकडील एक-दोन निबंध वाचावेत. सगळे कळणार नाही, पण त्यातील कोणता भाग कळला आणि कोठे अडले, हे दोन वाक्यांत लिहावे. आपल्याला कोणती संगणक-भाषा वा कोणते उपकरण येते, कोणत्या तारखेपासून किती आठवडे मोकळे आहोत आणि महाविद्यालयाचे ना हरकत पत्र मिळेल का, एवढे सांगावे. पत्र एका पानापेक्षा मोठे नको. दहा-बारा दिवसांनी एकदा नम्र स्मरण द्यावे. त्यानंतरही उत्तर नसेल तर पुढचे नाव घ्यावे. गिऱ्हाईक दहा ठाण उलगडायला लावते आणि काही न घेता उठते, म्हणून दुकान बंद करायचे नसते.

एका बाबतीत मात्र पालकांनी जागरूक राहिले पाहिजे. इंटर्नशिपला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागल्यापासून पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांचा धंदा वाढला आहे. चार हजार रुपये भरा, घरी बसा, महिन्याने प्रमाणपत्र घ्या. निबंधांचेही तसेच. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिके निघाली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने बनावट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी केलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे पारख आता विद्यार्थ्याला व त्याच्या मार्गदर्शकालाच करावी लागते. कसोटी सोपी आहे. जेथे विद्यार्थ्याकडून पैसे मागितले जातात आणि काम कोणी तपासत नाही, तेथे संशोधन नाही. मुलाखतीत अनुभवी माणूस दोनच प्रश्न विचारतो आणि कागदी प्रमाणपत्राचा रंग उतरतो.

खऱ्या कामाचे फळ निराळे असते. ज्यांनी आठ आठवडे रोज काम पाहिले, त्यांचे शिफारसपत्र पुढील शिक्षणाच्या अर्जात गुणपत्रिकेइतकेच बोलते. कित्येकदा दोन महिन्यांच्या शेवटी हाती ‘हा उपाय चालत नाही’ एवढेच येते. तेही नोंदवहीत नीट लिहिलेले असेल तर निकालच असतो. काही मुलांना तेथे कळते की आपला पिंड संशोधनाचा नाही. विशीत ते कळणे हा तोटा मानू नये.

मुलींविषयी दोन शब्द. निवड झाल्याचे पत्र आल्यावर ‘दोन महिने एकटी एवढ्या लांब कशाला?’ म्हणून ते कपाटात ठेवले जाते, असे घडते. विद्यार्थिनींना वसतिगृह कोणते, तेथील व्यवस्था काय, जेवणात कांदा-लसूण वर्ज्य करता येईल का, हे संस्थेला फोन करून विचारता येते. विचारल्यावर नकार द्यावा वा होकार द्यावा, पण न विचारता नको.

शेवटचा मुद्दा पैशाचा. समाजातील शिष्यवृत्त्या बहुधा फीसाठी असतात आणि निकालानंतर, जून-जुलैत वाटल्या जातात. उन्हाळी संशोधनाचा खर्च मात्र मे महिन्यात उभा राहतो. जाण्या-येण्याचे भाडे, वसतिगृहाची अनामत, मेसचे पैसे. जेथे विद्यावेतन आहे तेथेही ते बहुधा नंतर हाती पडते. रक्कम लहान असते, पण तीच नसल्याने जाणे राहून जाते. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने शिष्यवृत्ती निधीतील थोडा भाग या कामासाठी वेगळा काढावा, निवडीचे पत्र दाखविताच आठ दिवसांत रक्कम द्यावी आणि परत आल्यावर विद्यार्थ्याने याच सभागृहात आपल्या कामाविषयी पंधरा मिनिटे बोलावे, एवढीच अट ठेवावी, अशी नम्र सूचना आहे. उन्हाळी योजनांचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते मार्च या काळात निघतात. तेव्हा निर्णय दिवाळीपूर्वी झाला, तर येत्या उन्हाळ्यातच पहिली तुकडी जाऊ शकेल.