क्षणभर दिसते, वर्षभर जगावे लागते



आपल्या उज्जैनमधल्या नानाखेड्यापासून उत्तरेला, आगर माळवा जिल्ह्यात, सुसनेरच्या बाजूला सालरिया नावाचे गाव आहे. २०१७ च्या सप्टेंबरात तेथे ४७२ हेक्टर जमिनीवर गोअभयारण्य सुरू झाले. देशातले असे पहिलेच म्हणून त्याचे कौतुक झाले. त्याच वर्षी थंडी पडली आणि तेथे गायी मरत असल्याच्या बातम्या आल्या, पाठोपाठ छायाचित्रे फिरू लागली. सालरियाला कधी न गेलेल्या माणसालाही असे छायाचित्र पाहून मत बनवायला वेळ लागत नाही. पाय ताठ झालेली गाय, बाजूला रिकामी गव्हाण. कोणाचेही मन कळवळेल आणि ते कळवळलेच पाहिजे. पण त्या चित्रातून नेमके काय कळले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अशा ठिकाणी धडधाकट दुभती गाय कोणी आणून सोडत नाही. येतात त्या भाकड, म्हाताऱ्या, रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या, पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा झालेल्या गायी. जो गोठा अशा एकाही जनावराला परत पाठवत नाही, तेथे उत्तम देखभाल असली तरी मृत्यू अधिकच होणार. जेथे चाऱ्याचे पैसे मधल्यामधे जिरतात, तेथेही मृत्यू अधिक होणार. मेलेल्या गायीचे छायाचित्र दोन्हीकडे सारखेच येईल. दोहोंतला फरक नोंदवहीत सापडेल. महिन्याला किती जनावरे आली, कोणत्या अवस्थेत आली, किती दगावली, कशाने दगावली, दर जनावरामागे रोज किती चारा पडला, राखणारे किती आणि पशुवैद्य कोणकोणत्या तारखांना आला, हे त्या वहीत असते किंवा असायला हवे. गळ्यात झेंडूची माळ घालून गूळ खाणाऱ्या गायीची चित्रफीतही याच न्यायाने काहीच सिद्ध करत नाही, हे देणगीदारांनी ध्यानात घ्यावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की जनावराचे किंवा माणसाचे हाल आणि सुख या काळात पसरलेल्या गोष्टी आहेत. त्या दिवसांवर, ऋतूंवर, वर्षांवर मोजायच्या असतात. मोबाइलचा पडदा दाखवतो तो एक क्षण, आणि तोही कोणीतरी निवडलेला. त्या क्षणावरून शंका घेता येते, विचारणा करता येते, तक्रारही करता येते. निकाल मात्र देता येत नाही. आज आपण शंका आणि निकाल यांतले अंतर पुसून टाकले आहे. त्याची किंमत गोशाळा-मठांच्या आवारात राहणारी माणसे आणि जनावरे मोजत आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठाचे प्रकरण आपल्या मराठी घरांत फार जवळून पाहिले गेले. महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण लहान असताना, १९९२ पासून, त्या मठात होती. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या पेटा या संस्थेने तक्रार केली. प्रकरण उच्चाधिकार समितीपुढे गेले, तिने हत्तिणीला हलवण्याचा आदेश दिला, १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने मठाची याचिका फेटाळली. त्यानंतर माधुरीला जामनगरच्या वनतारा या प्राणी पुनर्वसन केंद्राकडे नेण्यात आले. त्या दिवसांत दोन प्रकारची दृश्ये घरोघर पोचत होती. एकात निरोपाच्या वेळी हत्तिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि गाव रडत होते. दुसऱ्यात तिच्या पायांच्या जखमा आणि वाढलेली नखे होती. ज्याने पहिले पाहिले तो म्हणाला, लेक सासरी नव्हे, कैदेत चालली. ज्याने दुसरे पाहिले तो म्हणाला, तीस वर्षे तिचा छळच झाला. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नव्हता, आणि दोघांच्याही हाती पुरावा म्हणता येईल असे फार थोडे होते. हत्तीच्या डोळ्यांना अश्रू वाहून नेणारी नलिका नसते, त्यामुळे त्याच्या डोळ्यांतून पाणी एरवीही गालावर ओघळते. त्या पाण्यावरून त्याचे मन वाचता येत नाही. दुसरीकडे, एका जागी उभा राहून सतत मान डोलावणारा हत्ती पाहणाऱ्याला आनंदात नाचतो आहे असे वाटते. बांधून ठेवलेल्या, एकट्या पडलेल्या जनावरांत दिसणारे ते कोंडीचे लक्षण आहे, हे जाणकार पशुवैद्य सांगतो. म्हणजे न शिकलेला डोळा दुःख नसेल तेथे दुःख वाचतो आणि असेल तेथे खेळ वाचतो.

असेच लोरिसचे झाले. रात्री हिंडणारा, मोठ्या डोळ्यांचा हा लहानसा प्राणी. २००९ च्या सुमारास त्याच्या काखेत गुदगुल्या करणारी एक चित्रफीत जगभर लाखोंनी पाहिली. तो हात वर करतो, म्हणून लोकांना तो सुखावला आहे असे वाटले. वास्तविक लोरिसच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. भ्यालेला लोरिस हात उचलून तिचा स्राव चाटतो आणि लाळेत मिसळून विषारी चाव्याची तयारी करतो. २०१३ मध्ये संशोधकांनी त्या चित्रफितीखालच्या हजारो प्रतिक्रिया तपासल्या, तेव्हा असा प्राणी आपल्याही घरी असावा असे लिहिणारे कितीतरी निघाले. प्रेमाने पाहणाऱ्यांनीच त्या प्राण्याच्या चोरट्या व्यापाराला हातभार लावला.

आता माणसांकडे येतो. जनावरांपेक्षा त्यांच्याविषयी आपण अधिक बेफिकीर झालो आहोत. गोठ्यात काम करणारा माणूस कॅमेऱ्यात कसा दिसतो? गाईचे पोट फुगून ती गुदमरायला लागली की पशुवैद्याला तिच्या डाव्या कुशीत ट्रोकार नावाचे टोकदार हत्यार खुपसून वायू बाहेर काढावा लागतो. तो प्राण वाचवण्याचा उपाय आहे. शेवटच्या दहा सेकंदांची चित्रफीत पाहणाऱ्याला मात्र कोणी गाईच्या पोटात सुरा खुपसतो आहे असेच वाटेल. जनावर खोड्यात घालणे, दोर लावून आडवे पाडणे, जबडा उघडून औषध पाजणे, हे सगळे बघायला क्रूर आहे आणि करायला भागही आहे. ते करणारा बहुधा तुटपुंज्या मजुरीवरचा माणूस असतो. त्याचा चेहरा गावभर झाला तर त्याच्या वतीने खुलासा करायला कोणी पुढे येत नाही. संशयाला चेहरा मिळाला की काय होते ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांचा जमावाने ठेचून जीव घेतला. दुरून पाहणारा प्रत्येक जण असा जमाव होतो असे मी म्हणत नाही. पण आपण कोणावर बोट रोखतो आहोत आणि ते बोट पाहून दुसरा कोण काय करील, हे आपल्या हातात राहत नाही, एवढे तरी त्या घटनेने शिकवले आहे.

हेमलकशाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया गोंडांसाठी दवाखाना आणि शाळा उभी केली. शिकारीत आई मेलेली पिल्ले लोक आणून देऊ लागले, आणि त्यांतून प्राण्यांचे अनाथालय झाले. बिबट्या, अस्वल, तरस, मगर. माणसे आणि जनावरे एकाच आवारात नांदवण्याचा इतका मोठा प्रयोग मराठी मुलखात दुसरा नाही. बिबट्याशी खेळणाऱ्या डॉक्टरांची छायाचित्रे महाराष्ट्राने भक्तिभावाने पाहिली. पुढे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने वन्य प्राणी असे हाताळण्यास आक्षेप घेतला, तेव्हा पुष्कळांना तो कृतघ्नपणा वाटला. मला तो आक्षेप रास्त वाटतो, आणि आमटे कुटुंबाविषयीचा आदर कणभरही कमी न होता वाटतो. पिल्लू असल्यापासून वाढवलेला बिबट्या त्या माणसाला ओळखतो. ती ओळख कित्येक वर्षांच्या रात्रींनी कमावलेली आहे. चित्रात त्या रात्री दिसत नाहीत, दिसतो फक्त मांडीवर डोके ठेवलेला बिबट्या. ज्या कारणाने निंदकाचा तडकाफडकी निकाल चुकतो, त्याच कारणाने भक्ताचाही चुकतो. शिवाय त्या आवारात शाळेची मुले आहेत, दवाखान्यात दूरच्या पाड्यांवरून आलेले रुग्ण आहेत. पाहायला आलेला पाहुणा बिबट्याचे छायाचित्र काढतो तसेच माडिया बाईचेही, न विचारता काढतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्या जनावराला मिळालेले हे संरक्षण दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या बाईला आपल्या शिष्टाचाराने तरी मिळायला नको काय?

यावर जो आक्षेप येईल तो हलका नाही. कोणी म्हणेल, लोकांनी पाहिलेच नसते तर बंद दाराआड चाललेले हाल कधी उघड झाले असते? मठ, आश्रम, गोशाळा यांच्यामागे श्रद्धा उभी असते, पैसा असतो, पुढारी असतात. आतला गडी बोलत नाही, जनावराला तर वाचाच नाही. मग बाहेरच्याच्या हातातला मोबाइल हेच त्यांचे एकमेव बळ. हे मला मान्य आहे. डोळे मिटा, असे मी सांगत नाही. पण नांदणीच्या प्रकरणात न्यायालयापुढे जे टिकले ते काय होते, ते पाहा. पशुवैद्यांचे अहवाल, पाहणीच्या तारखा, पायांच्या आजाराच्या नोंदी. लाखोंनी पाहिलेल्या चित्रफितींनी निकाल बदलला नाही. मठाची बाजू घेणाऱ्यांनीही खरे काम केले ते तेव्हा, जेव्हा राग ओसरल्यावर नांदणीच्या परिसरातच हत्तिणीसाठी उपचार आणि पुनर्वसनाची सोय करण्याच्या वाटाघाटी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाल्या. वनतारा ज्या उद्योगसमूहाचे आहे त्याच्या दूरसंचार कंपनीचे सिम बदलून तिला धडा शिकवण्यापेक्षा ती वाट लांबची होती, पण हत्तिणीच्या पायांशी तिचा संबंध होता.

दुसरे कोणी म्हणेल, सरकारी यंत्रणा ढिम्म असते, तक्रार धूळ खात पडते, म्हणून लोक चारचौघांत बोलतात. यंत्रणा ढिम्म आहे हे खरे. मग तिलाच धारेवर धरा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या गोशाळेच्या पाहणीचे अहवाल त्याखाली मागता येतात. असा एक अर्ज करायला किरकोळ शुल्क, एक टपाली तिकीट आणि महिनाभराचा धीर लागतो. ज्याला जनावराची खरी कणव आहे त्याच्यापाशी महिनाभराचा धीर नसावा, हे मला पटत नाही. आणि संस्थांनाही सांगायचे आहे. देणग्या मिळवण्यासाठी तुम्हीच गायी-वासरांची गोड चित्रे रोज पाठवता, मग कोणी वाईट चित्र पाठवले की बदनामी झाली म्हणता. ज्याने चित्रांवर विश्वास मागितला त्याला चित्रांवरून अविश्वासही सोसावा लागणार. सुटकेचा एकच मार्ग आहे: आवक, मृत्यू, चारा आणि खर्च यांचे आकडे दर महिन्याला फाटकावर लावा.

कॅमेऱ्यालाच बंदी घालावी, असेही सुचवले जाते. आपल्या महाकाल मंदिरात २०२२ च्या डिसेंबरात मोबाइल आत नेण्यास मनाई झाली. मंदिराच्या गाभाऱ्यापाशी ती योग्यच आहे, कारण तेथे भाविकांपासून लपवून कोणाचे हाल होत नाहीत. गोठ्याला तोच नियम लावला तर हाल करणाऱ्याचीच सोय होईल.

हे सारे उज्जैनकरांनी आताच बोलायला हवे, याला कारण आहे. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. अखाड्यांच्या छावण्या क्षिप्रेच्या काठी पडतील. साधू, सेवेकरी, त्यांच्या गायी, मिरवणुकीचे घोडे आणि उंट काही आठवडे एकाच आवारात राहतील आणि कोट्यवधी माणसे मोबाइल हातात घेऊन त्यांना पाहतील. एप्रिल-मेच्या माळव्यातल्या उन्हात डांबरावरून तासन् तास चालवलेल्या जनावराचे काय होते ते सांगायला नको. मेळ्याचे नियोजन चालू आहे तोवरच प्रशासनाकडे मागणी करता येईल. जनावरे ठेवणाऱ्या प्रत्येक छावणीने त्यांची संख्या, जबाबदार माणसाचे नाव आणि पशुवैद्याच्या शेवटच्या भेटीची तारीख दर्शनी भागात लिहावी. दुपारी बारा ते चार मिरवणुकीत जनावर काढू नये. सावली आणि पाण्याच्या हौदांच्या जागा जमीन वाटतानाच आखाव्यात. आणि ज्याला एखादे जनावर लंगडताना दिसेल त्याने त्याचे चित्रीकरण जरूर करावे, वेळ आणि जागा टिपावी, पण ते चित्र गावभर पाठवण्याआधी १९६२ हा क्रमांक फिरवावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो क्रमांक मध्य प्रदेशात आजही चालू आहे. छावण्यांच्या पाट्यांवर तोच मोठ्या अक्षरांत, हिंदीत आणि मराठीत, लिहून घ्यावा, कारण नाशिक-नागपूरकडून येणारे यात्रेकरूही थोडे नसतील.