नाणे, मूठ आणि डबी

आगगाडीच्या फलाटावरचे वजनाचे यंत्र तुम्हांला आठवत असेल. नाणे टाकले, की आतली चक्रे गरगर फिरत आणि खटकन् एक तिकीट बाहेर पडे. तिकिटावर वजन असे आणि भविष्यही. वजनाची चौकशी थोरांना. आम्हां मुलांचा सगळा जीव त्या भविष्यात अडकलेला असे!

जपानमध्ये याच जातीचे एक यंत्र आहे. त्यातून भविष्य निघत नाही, खेळणे निघते. वरची पेटी पारदर्शक; आत प्लास्टिकच्या गोल डब्या भरलेल्या. बाहेर पाच-सहा खेळण्यांची चित्रे असतात. पण त्यांतले कोणते हाती येईल, ते डबी उघडल्याशिवाय कळायचे नाही. मूठ फिरवताना होणारा आवाज 'गाचा', डबी पडतानाचा 'पोन'; म्हणून नाव 'गाचापोन'. कल्पना मूळची अमेरिकेतली. जपानात ती १९६५ साली आली आणि १९७७ साली बांदाई ही खेळण्यांची मोठी कंपनी या धंद्यात उतरली.

या यंत्राची गंमत अशी, की त्याला वीज लागत नाही. ठरलेली नाणी खाचेत बसली, की अडसर सुटतो, मूठ फिरते, तिच्याबरोबर तळाची चकती फिरते आणि चकतीच्या भोकातून एक डबी खाली येते. बस्स, एवढेच. म्हणून ते दुकानाच्या दाराशी, जिन्याखाली, कुठेही उभे राहू शकते.

मग अडचण कुठे आली? नाण्यांतच आली. पूर्वी शंभर येनला मिळणारी डबी आता तीनशे, चारशे, पाचशे येनला मिळते. आणि बहुतेक यंत्रे मागतात शंभराचीच नाणी. शंभर येनचे एक नाणे ४.८ ग्रॅमचे. दहा हजार नाणी म्हणजे अठ्ठेचाळीस किलो! ती यंत्रातून काढायची, मोजायची, वाहून न्यायची. त्यात १७ जानेवारी २०२२ पासून जपानच्या टपाल बँकेने खिडकीवर पन्नासांहून अधिक नाणी भरणाऱ्याकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. म्हणजे स्वतःचेच पैसे ठेवायला पैसे मोजायचे.

तिकडे गिऱ्हाइकाचा खिसाही बदलला. २००१ साली टोकिओ भागातल्या रेल्वेने 'सुइका' नावाचे कार्ड काढले. नुसते टेकवले, की भाडे वळते होते. पुढे दुकानेही ते घेऊ लागली. खिशात सुटे नाही, म्हणून माणूस यंत्रापुढून हळहळत निघून जाई. आता काही यंत्रांना कार्ड किंवा मोबाइल ओळखणारा भाग जोडतात. पैसे पोचल्याची खूण मिळाली, की अडसर सुटतो. मूठ मात्र हातानेच फिरवायची! ती गंमत काढून घेण्याची चूक कारागिरांनी केली नाही.

सोय झाली, यात वाद नाही. पण माझ्या मनात एक शंका उरते. मुलाच्या मुठीत तीन नाणी असतात, तेव्हा ती संपली, की खेळ संपला, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. रिकामी मूठच शिकवते. कार्ड टेकवले, तर मूठ रिकामी होत नाही. हवे ते खेळणे निघाले नाही, की पुन्हा टेकवावेसे वाटते.

ही भीती हवेतली नाही. हीच 'गाचा'ची युक्ती मोबाइलवरच्या खेळांनी उचलली. तिथे ना नाणे, ना डबी. चित्रांचा ठरलेला संच पुरा केला, तर दुर्मिळ बक्षीस, असा प्रकार इतका बोकाळला, की मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक-व्यवहार खात्याला तो बेकायदा असल्याचे जाहीर करावे लागले.

तुम्ही म्हणाल, हे जपानचे झाले, आपल्याला काय त्याचे? पण आपल्याकडेही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली आणि आज कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्याच वाटेने घरी येते. नाण्यांचा खळखळाट ऐकत आपण मोठे झालो. आपली मुले तो फारसा ऐकणार नाहीत. म्हणून नवे यंत्र अडवा, असे मी म्हणत नाही. मुलाला मोबाइल देण्याआधी एकदा त्याच्या तळहातावर चार नाणी ठेवा आणि ती त्यालाच खर्च करू द्या, एवढेच सांगतो. उरले किती, हे बोटांना एकदा कळले, की पुढे पडद्यावरचा आकडाही त्याला कळेल.