धुराचा वास, कुबट वास



पाऊस ओसरू लागला, नवरात्र आठ-पंधरा दिवसांवर आले, की खेड्यापाड्यांतून एक मोठी धांदल सुरू होते. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, गोधड्या-वाकळांचे गठ्ठे नदीवर किंवा विहिरीवर निघतात, आणि घराघरांतून एकच उद्गार ऐकू येतो, "शी! केवढा हा वास!" हा वास कसला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कपड्याला वास येतो ना, मग धुवा. नाहीतर अत्तराचा फाया ठेवा, झाले! आज मला एवढेच सांगायचे आहे की, घरात ठाण मांडणारे वास मुख्यतः दोन जातींचे असतात. एक धुराचा, दुसरा कुबट. दोघांचे मूळ निराळे, म्हणून दोघांचे उपायही निराळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर श्रम फुकट जातात, आणि क्वचित् अपायही होतो.

आधी धुराचे पाहू. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या चुलीत कधीच पुरत्या जळत नाहीत. अर्धवट जळालेले कण धुराबरोबर वर येतात. हे कण इतके बारीक की, माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढेही नसतात, आणि त्यांच्यावर डांबरासारखा तेलकट, चिकट लेप असतो. स्वयंपाकघराच्या तुळया काळ्या कुळकुळीत होऊन चकाकतात ना, तो हाच लेप. आता धुराला नुसती नावेच ठेवावीत असेही नाही. पुढच्या वर्षीच्या बियाण्याची मक्याची कणसे आपले वाडवडील चुलीच्या वर टांगीत, कारण धुरकटलेल्या दाण्याला कीड लागत नाही. पण जे किड्याला मानवत नाही ते आपल्या छातीला मानवेल कसे, हा विचार त्यांच्या मनात आला असला तरी इलाज नव्हता.

पावसाळ्यात ऊन नसते. ओले कपडे वाळायचे कुठे? चुलीजवळच्या दांडीवर. कपडा वाळतो खरा, पण ओल्या सुतावर धुराचे कण कोरड्यापेक्षा अधिक घट्ट बसतात. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसच्या टाक्या दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवर पोचल्या. तरीसुद्धा न्हाणीचे पाणी आणि दोन वेळच्या भाकरी अजून कितीतरी घरांत चुलीवरच होतात. टाकी भरून आणायला पैसे पडतात, जळण रानातून येते; हा हिशेब घरच्या बाईला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

इथे शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. श्रावण-भाद्रपदात वर्गात एखाद्या मुलीच्या गणवेशाला धुराचा वास येतो, शेजारची मुलगी नाक दाबून सरकून बसते, आणि मग चार दिवसांनी ती मुलगी शाळेतच येत नाही. पोटात दुखते म्हणून सांगते. तिला "स्वच्छ कपडे घालून ये" असे सांगणे म्हणजे मोठा अन्याय आहे, कारण तिचे कपडे स्वच्छच असतात. तिच्या आईने ते कालच धुतलेले असतात. फक्त वाळवायला घरात दुसरी जागा नसते. शाळेच्या ओट्यावर, पत्र्याच्या छपराखाली, वारा लागेल अशी एक दोरी बांधली आणि जिला हवे तिने दुसरा जोड तिथे वाळत घालावा असे सर्वांनाच सांगितले, कोणा एकीला नव्हे, तर पुष्कळ काम होईल. घरीसुद्धा कपडे चुलीच्या वर न टांगता पडवीत, वाऱ्याच्या वाटेवर टांगावेत. वेळ दुप्पट लागेल, पण धूर लागणार नाही.

धुराचा वास बसलाच तर? नुसत्या गार पाण्याने तो जात नाही, कारण त्यातली द्रव्ये तेलकट असतात आणि काहीशी आम्लधर्मी. त्यांना क्षाराची गरज लागते. सुती कपड्यासाठी बादलीभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा, कपडा तासभर बुडवून ठेवावा, मग नेहमीच्या साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळावा. धुण्याचा सोडा बरं का, खाण्याचा नव्हे. आमच्या आजीच्या पिढीत राखेचे पाणी वापरीत, तेही क्षारच. रंगीत कपडा असेल तर आधी एक कोपरा भिजवून रंग जातो का ते पाहावे. लोकर आणि रेशीम यांना मात्र सोडा लावू नये. ते धागे प्राण्यांपासून आलेले असतात, क्षाराने ते कुजतात. त्यांना रिठाच बरा. रात्री रिठे भिजत घालावेत, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यावे, आणि कोमट पाण्यात हलक्या हाताने कपडा धुवावा. वास गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तो चिकट लेप सुतात आणखी मुरतो.

आता कुबट वासाकडे वळू. धुराचे कण निर्जीव. जेवढे बसले तेवढेच राहतात. कुबट वास मात्र जिवंत वस्तूचा असतो. ती वस्तू म्हणजे बुरशी. हवेतला दमटपणा शेकडा सत्तरच्या वर बरेच दिवस टिकला की सुतावर, कागदावर, चामड्यावर, लाकडावर बुरशी धरते, आणि ती वाढताना जे वायुरूप पदार्थ बाहेर टाकते तो हा वास. कोकणात तर पावसाळाभर हवा याहूनही ओली असते. म्हणून कुबट कपड्यावर अत्तर शिंपडणे म्हणजे घरात उंदीर झाले असताना दारावर तोरण बांधणे. बुरशी आत वाढतच राहते.

तिचा खरा वैरी कोरडेपणा. कुबट गोधडी आधी घराबाहेर नेऊन, नाकातोंडावर फडके बांधून, झटकून काढावी. घरात झटकली तर बुरशीचे बीज साऱ्या खोलीभर पसरते, आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. मग कडक उन्हात दोन्ही बाजूंनी पालटून वाळवावी, आणि त्यानंतर धुवावी. धुणे मात्र असे दिवस पाहून करावे की, पुढे दोन-तीन दिवस लख्ख ऊन मिळेल. कारण सात-आठ पदरी गोधडी वरून वाळलेली दिसली तरी आत ओली असते, आणि आत ओल राहिली की पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. नवरात्राआधी अंथरूण-पांघरूण धुण्याची आपली रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. पाऊस परतीला लागलेला, नदीला स्वच्छ पाणी, आणि पाठोपाठ आश्विनाचे कडक ऊन. वाळत घातलेले सूर्यास्ताआधी आत घ्यावे, नाहीतर दव पडून दिवसभराची कमाई जाते. आणि घडी करण्याआधी कपडा गार होऊ द्यावा.

पेटीचेही तसेच. पत्र्याची असेल तर पुसून, झाकण उघडे ठेवून उन्हात तापवावी. लाकडी असेल तर पाणी ओतू नये, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो हातात चुरला जाईल इतका सुकलेला हवा. ओला पाला घालणे म्हणजे पेटीत आणखी ओल नेऊन ठेवणे.

आणि डांबराच्या गोळ्या! यांविषयी थोडे थांबून बोलतो. या गोळ्या कसरीसाठी आहेत, वासासाठी नव्हेत. त्या कुबट वास घालवीत नाहीत, आपल्या उग्र वासाखाली झाकतात, एवढेच. लेक बाळंतपणाला येणार म्हणून कितीतरी आया जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, कुंच्या, झबली पेटीत जपून ठेवतात, आणि मोठ्या मायेने त्यांत चार गोळ्याही टाकतात. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची उणीव असते आणि ती बाहेरून ओळखू येत नाही. अशा बाळाला या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ चढते, जिवावरही बेतू शकते. तेव्हा बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीही नको. आधीच घातली असेल तर गोळ्या काढून टाकाव्यात, कपडे धुऊन कित्येक दिवस वाऱ्या-उन्हात टांगावेत, आणि वासाचा मागमूसही नाही अशी खात्री झाल्यावाचून वापरू नयेत. त्यापेक्षा धुतलेली स्वच्छ सुती फडकी केव्हाही बरी.

दुसरा धोका ब्लीचिंग पावडरचा. विहिरीत टाकण्यासाठी ती गावोगाव असते, आणि पांढऱ्या सुती कापडावरचे बुरशीचे काळे ठिपके तिच्या पातळ पाण्याने फिके होतातही. पण तिच्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला तोच हा वायू. बंद न्हाणीघरात थोडासाही पुरे होतो.

शेवटी शाळेच्या पुस्तकांचे. पावसाळ्यानंतर कपाट उघडले की पुठ्ठ्यांवर हिरवट-पांढरी लव दिसते. पुस्तके उन्हात घालू नका; कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर, पाने पंख्यासारखी उघडून उभी ठेवावीत. लव पुरती सुकली की कोरड्या मऊ फडक्याने, ओट्याच्या बाहेर झटकीत, पुसावी. ओली असताना पुसली तर ती कागदात चोळली जाते. तरीही वास उरला तर एका झाकणाच्या डब्यात तळाशी उन्हात तापवलेला लाकडी कोळसा ठेवावा, वर जाळी, आणि जाळीवर पुस्तक. आठवडाभरात फरक कळतो, कारण कोळशाला असंख्य छिद्रे असतात आणि वासाचे कण त्यांत धरले जातात. दरम्यान कपाट आतून पुसून कोरडे करावे. परत लावताना पुस्तके ठासून भरू नयेत, आणि कपाट भिंतीला टेकवू नये, वीतभर पुढे घ्यावे, म्हणजे मागून हवा खेळेल. कपाट जड असते, पण सातवी-आठवीतली चार मुले ते काम हौसेने करतील.