सोंगागणिक चाल

(हरसूल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘विविध वाङ्मयप्रकारांची ओळख’. विषय ऐकला आणि कॉलेजातली वही आठवली. कादंबरीचे घटक किती, लघुकथेची लक्षणं कोणती, ललित निबंध कशाला म्हणावं. पाच-पाच गुणांची उत्तरं. ती वही मी आज आणलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ज्या गावात वाजंत्री ऐकून कोणतं सोंग येतंय ते शेंबड्या पोरालाही कळतं, त्या गावाला वाङ्मयप्रकार शिकवणारा मी कोण?

हरसूल, पेठ, मोखाडा, जव्हार या साऱ्या पट्ट्यात बोहडा होतो, मुखवटे घालून नाचणाऱ्या सोंगांचा. तुम्ही तो जन्मापासून बघता, मी चाळिशीत पहिल्यांदा पाहिला. रात्रभर जागलो. गणपती आला, शारदा आली, मारुती आला, मग राक्षस. माझं लक्ष मुखवट्यांवर होतं, कारण शहरातला माणूस आधी रंग बघतो. शेजारी बसलेले एक म्हातारबाबा मात्र डोळे मिटून होते. मला वाटलं, झोपले. सांबळाचा ठेका बदलला तसे ते डोळे न उघडताच म्हणाले, “आता भीम.” आणि मशालीच्या उजेडात भीमच आला. मी विचारलं, बाबा, कसं ओळखलंत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न परत घ्यावासा वाटला. म्हणाले, “सोंगाची चाल सोंगाला. गणपतीच्या चालीवर राक्षस नाचंल का?”

मंडळी, माझं आजचं व्याख्यान खरं म्हणजे एवढंच आहे. पुस्तकाचीही चाल असते. गणपतीची चाल धरून बसलो आणि समोर राक्षस आला, तर आपण म्हणतो, ‘हे काही जमलं नाही बुवा.’ जमलेलं नसतं ते आपल्याला.

माझाच नमुना सांगतो. सातवीत असताना मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचायचो. आज ऐकणाऱ्यांत निम्म्यांना हे नाव ठाऊक नसेल. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवत त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची माणसं. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून त्यांच्या पुस्तकाचा कागद इतक्या हातांतून जायचा की शेवटची पानं बहुधा नसायचीच, आणि खुनी कोण ते मित्राला विचारावं लागायचं. वर्गात बाकाखाली धरलेलं असं एक पुस्तक आमच्या गुरुजींनी पकडलं. ‘असलं वाचून डोकं सडतं’ म्हणाले आणि ते कपाटात टाकून कुलूप लावलं. वाचनालयाचा दंड वडिलांनी भरला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन फळ्या झाल्या: एक चांगल्या पुस्तकांची, दुसरी चोरून वाचायच्या पुस्तकांची. गुरुजी माणूस भला होता, पण त्यांनी केलेलं हे नुकसान भरून यायला मला पंचवीस वर्षं लागली.

कारण पुढं काय झालं, ऐका. चांगल्या फळीवरचं म्हणून मी कुसुमाग्रजांचं ‘विशाखा’ आणलं. १९४२ सालचा संग्रह, आणि नाशिकच्या माणसानं तो वाचला नाही असं कसं चालेल? एसटीत बसलो आणि गाडी त्र्यंबकेश्वरला पोचेपर्यंत सगळं पुस्तक संपवलं. एकामागून एक, धावत, पुढं काय होतंय म्हणून. संपल्यावर मनात आलं, यात काहीच घडत नाही की! कवितेचं पुस्तक मी अर्नाळकरांच्या चालीवर वाचलं होतं. रहस्यकथेत पळायचं असतं, तिथं थांबून शब्दाकडं बघत बसलात तर खुनी निसटतो. कवितेत नेमकं उलटं. एक कविता वाचायची, पुस्तक मिटायचं, भाताला पाणी द्यायला जायचं आणि बांधावर ती पुन्हा आठवते का ते बघायचं. आठवली तर ती तुमची. नाही आठवली तर पुढची. मी ‘विशाखा’ पुढं असं महिनाभर वाचलं, तेव्हा कुठं त्या पुस्तकात शिरलो.

या दोन फळ्यांचा उपद्रव मोठ्या माणसांनाही झाला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तिच्यात ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप नावाचा माणूसच नव्हता. ना. वि. ज. उलटे वाचा: जयंत विष्णू नारळीकर. नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ, पण गोष्ट गोष्ट म्हणून टिकते का, हे त्याला बघायचं होतं. विज्ञानकथा म्हणजे पोरांचं काहीतरी, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पुढं २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशिकला चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष हेच नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही. पण पोरांचं म्हणून बाजूला सारलेला प्रकार त्या दिवशी मांडवाच्या मधोमध बसला. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

विज्ञानकथेची चाल कोणती, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, हिशेबाची. लेखक तुमच्याकडे एकच अशक्य गोष्ट उधार मागतो. ती द्यायची. त्यानंतर मात्र पै-पैचा हिशेब मागायचा. भयकथेत हिशेब मागायचा नाही. नारायण धारपांची गोष्ट हातात घेऊन ‘भूत असं कसं येईल?’ विचारत बसणारा माणूस बोहड्यात जाऊन मुखवट्याच्या मागं कोण आहे ते बोट दाखवून सांगणाऱ्यासारखा. खरं बोलतो, पण त्याला कुणी शेजारी बसवून घेत नाही.

आता ज्यासाठी मी इथवर आलो ते सांगतो. तुमच्या गावाची एक गोष्ट तीन वेगवेगळ्या चालींच्या पुस्तकांत विखुरलेली आहे, आणि तिन्ही फळ्या हिंडल्याशिवाय ती पुरी होत नाही.

नाशिक जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर १८८३ साली निघालं. जाडजूड, रुक्ष, पिकं-पाऊस-महसूल यांनी भरलेलं. कादंबरी वाचणारा माणूस ते उघडणारही नाही. त्यात १८५७ सालची हकिकत आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला त्र्यंबकच्या खजिन्यावर भिल्ल आणि ठाकर चालून गेले. त्याच दिवसांत इकडे पेठ संस्थानात लोक उठले आणि हरसूलचा बाजार लुटला गेला. हा तुमचा बाजार. पेठच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावाला फाशी झाली. गॅझेटियरची चाल कारकुनाची आहे: तारीख, जागा, पलटण, शिक्षा. साहेबानं साहेबासाठी लिहिलेलं, म्हणून त्यात उठलेला माणूस ‘दंगेखोर’ आहे आणि त्याच्या पोटात काय होतं याला एक ओळही नाही. हे पुस्तक वाचताना लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हे प्रत्येक पानावर स्वतःला विचारावं लागतं. तसं विचारत वाचलं तर ते फार बोलतं.

दुसरं पुस्तक आत्मचरित्राच्या फळीवर. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. शाळेत न गेलेली बाई; लग्नानंतर नारायण वामन टिळकांनी लिहा-वाचायला शिकवलं. १९३४ पासून त्यांच्या आठवणींचे भाग पुस्तकरूपानं आले. सुरुवातीलाच त्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड सांगतात. बाजारातून आणलेलं सामानसुमान घरात धुऊन घ्यायचं, सावली पडली की आंघोळ, घरातल्या बायकांचा जीव नकोसा. आणि हे वेड लागलं कशानं? सत्तावनच्या त्या धामधुमीत त्यांच्या नात्यातला माणूस फासावर गेला, त्याचा धक्का. म्हणजे गॅझेटियर जिथं ‘फाशी दिली’ म्हणून पूर्णविराम देतं, तिथून लक्ष्मीबाईंचं पुस्तक सुरू होतं. सरकारच्या लेखी प्रकरण बंद झालं, आणि एका घरात ते पुढं कितीतरी वर्षं चालू राहिलं, पाण्याच्या घागरी उपसणाऱ्या बायकांच्या हातांत. गंमत अशी की लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात. या पुस्तकाची चाल चुलीपुढं बसलेल्या आजीची आहे. ते मनात वाचू नका. घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. मी आईला वाचून दाखवलं. तिनं मला चार वेळा थांबवून आपल्या सासूच्या गोष्टी सांगितल्या, आणि पुस्तक दोन महिने पुरलं.

तिसरं पुस्तक अजून पुस्तक नाही. त्या डिसेंबरात जे उठले त्यांच्या पाड्यांवर काय सांगितलं गेलं, काय गायलं गेलं, ते कुठल्या फळीवर शोधायचं? आपल्याकडं थाळीवर कथा लावतात. थाळीच्या मध्यभागी मेणानं काडी बसवायची, तिच्यावरून बोटं ओढत सूर धरायचा आणि रात्रभर कणसरीची कथा सांगायची. धान्याची आई रुसून जाते, मग तिला परत आणायचं. हे महाकाव्य नाही तर काय आहे? पण वाचनालयाच्या रजिस्टरात त्याला रकाना नाही. आणि असलाच तर ‘संकीर्ण’.

‘संकीर्ण’वरून आठवलं. कुठल्याही गावच्या वाचनालयात गेलो की मी आधी ते कपाट मागतो. कारण ज्या पुस्तकाचं काय करावं हे कुणालाच कळलं नाही, ते तिथं असतं. मारुती चितमपल्ली मला तिथंच भेटले. वनखात्यातला अधिकारी, जंगलाबद्दल लिहितो; मग हे विज्ञान की ललित, प्रवास की आत्मचरित्र? ग्रंथपालानं हात टेकले असणार. तुम्हाला पक्षी, झाडं, माग काढणं यातलं त्यांच्याइतकंच कळतं, काही बाबतींत जास्तही कळत असेल. म्हणून ‘रानवाटा’ हे पुस्तक तुम्ही पेन्सिल घेऊन वाचा आणि जिथं तुमचं रान वेगळं सांगतं तिथं समासात लिहा. पुस्तक तुमचं असेल तरच, वाचनालयाचं असेल तर वहीत.

सातारा जिल्ह्यातलं भिलार तुम्ही ऐकलं असेल. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूचं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली कल्पना, पण तिथं पुस्तकांची दुकानं आहेत आणि भिलारमध्ये विक्री नाही; लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं ठेवलेली, बसा आणि वाचा. सुरुवात पंचवीस जागांपासून झाली आणि प्रत्येक जागेला एक प्रकार दिला. या घरात कविता, त्या घरात चरित्रं, पलीकडं बालसाहित्य, आणखी कुठं दिवाळी अंक. मी गेलो तेव्हा चरित्रांच्या घरातल्या काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “आमच्याकडं तुमच्या आवडीचं नसंल तर खालच्या आळीला जा.” एका वाङ्मयप्रकारातून दुसऱ्यात जायला तिथं खरंच चप्पल घालावी लागते. मला ते फार आवडलं. चहा संपवून चप्पल घालेपर्यंत आधीची चाल पायातून उतरते.

आपल्याकडं घरोघरी फळ्या नाहीत. पण नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना चालवली आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी, वाचकांचा एक गट, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. ही कल्पना मला मोठ्या इमारतीपेक्षा बरी वाटते, एका साध्या कारणानं: पेटीत फळ्या नसतात. वर कविता, खाली शिकारकथा, मध्ये कुणाचं तरी आत्मचरित्र. हात घालाल तसं येतं. शाळा असो, पतपेढी असो, बचत गट असो, हरसूलला अशी पेटी मागवायला माणसं जमवणं तुम्हाला अवघड नाही.

एक नाव राहिलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. खाली तलासरी, उंबरगावकडचा वारल्यांचा १९४५ चा उठाव. वेठबिगारी आणि लग्नगडी या पद्धती मोडल्या त्याची हकिकत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघांनी सावकाराकडं राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. या पुस्तकाला १९७२ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. हंगामात द्राक्षांच्या कामाला गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभं राहिलेल्यांनी ते जरूर वाचावं. चाल मी सांगत नाही, तुम्हाला ती आपोआप सापडेल.

मी येताना चाळीस पुस्तकं आणली आहेत. मागच्या टेबलावर ठेवली आहेत, मुद्दाम विषयवार लावलेली नाहीत. अर्नाळकर आहेत, ‘विशाखा’ आहे, ‘स्मृतिचित्रे’च्या दोन प्रती आहेत. वहीत नाव आणि पाडा लिहा, एक पुस्तक न्या, पोळ्यापर्यंत परत करा. आणि पावसाळ्यात नेणार असाल तर युरियाच्या गोणीच्या आत असते तसल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्या. हरसूलचा पाऊस मला ठाऊक आहे.